सुईविना दिवस

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज निदान एक पान. कुणी वाचायची नाही, त्यामुळे यात खरं तेच लिहायचं.

कारण असं की घरात सध्या माझं म्हणणं ऐकून घेतलं जात नाही. काल लेकीचा फोन आला. दिवस भरत आलेत तिचे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, की बाळाच्या स्वतःच्या लशी सुरू होऊन लागू पडेपर्यंत त्याला हातात घेणाऱ्या प्रत्येकाने डांग्या खोकल्याची लस घेतलेली असावी. घेऊन दोन आठवडे झालेले असावेत. आणि तसा दवाखान्याचा कागद दाखवावा.

सख्ख्या बापाकडे कागद मागते. मी शांतपणे सांगितलं की मी चौपन्न वर्षांचा आहे, मला खोकला नाही आणि माझ्या अंगात काय जावं ते मी ठरवतो. ती म्हणाली, बाबा, तुमचं अंग तुमचं, माझं बाळ माझं. आणि फोन आईकडे द्या म्हणाली.

बायको संध्याकाळी दूध आणायला गेली ती लस घेऊनच आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या दंडावर कापसाचा बोळा. घरातली फूट अशी दुधाबरोबर येते. मी तत्त्वाचा मुद्दा काढला, विस्ताराने मांडला. ती म्हणाली, बरं. तीस वर्षं झाली, या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

संकल्प. एक, सुई घेणार नाही. दोन, नातवंडाला पहिल्याच दिवशी मांडीवर घेणार. तीन, आवाज चढवणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यात सकाळची पाच मिनिटं माझी. भोंग्याआधी साठ माणसं आवारात उभी राहतात आणि मी सुरक्षिततेवर बोलतो. सेफ्टी सुपरवायझर म्हणून एकोणीस वर्षं बोलतोय. फर्निचरचा कारखाना म्हणजे लाकूड, भुसा आणि थिनर. एक ठिणगी पडली की टेबल-खुर्च्यांसकट सगळे वर. आजचा विषय होता 'एकाची चूक, साठांची राख'. वाक्य माझंच आहे. गेटवर रंगवून घेतलंय.

शेजारीच बोर्ड. 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूने आकडा. रोज सकाळी जुना पुसून नवा मी लिहितो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कामावर कुणाला जखम झाली की ती नोंदवहीत चढते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. आज ३१७. वीस ऑक्टोबरला ३६५ भरतात. मग मुख्य कचेरीकडून मला ढाल आणि साठही जणांना एक दिवस भरपगारी सुट्टी. ढालीसाठी केबिनमधलं कॅलेंडर आजच काढून जागा केली.

यावरून सुचलं, आपण सुईचाही हिशेब ठेवावा. सुईविना ४४ वर्षं. शेवटचा प्रसंग चौथीत, शाळेत लस द्यायला माणसं आली होती तेव्हाचा. माझा नंबर यायच्या आधी मी रांगेत आडवा झालो. मुलं म्हणाली चक्कर आली. तो निषेध होता.

फेब्रुवारीतला अंगठा यात धरायचा नाही. बारा तारखेला स्टोअरमध्ये मी एकटाच खिळे मारायच्या गनचं प्रात्यक्षिक बसवत होतो. विषय होता, गन स्वतःच्या हाताकडे रोखून का धरू नये. त्यात डाव्या अंगठ्यात खिळा गेला. याला अपघात म्हणता येणार नाही, तालीम चालू होती. म्हणून नोंदवहीत घातलं नाही. कारखान्यात सांगितलं, घरच्या दारात बोट सापडलं. घरी सांगितलं, कारखान्याच्या दारात सापडलं. झाकली मूठ. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सिस्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पण ती लस नव्हे. ते अंगठ्याचं औषध. शिवाय माझे डोळे मिटलेले होते.

४ सप्टेंबर, गुरुवार

पत्रक तयार. 'माझा हात, माझं मत'. मुद्दे दहा ठरवले होते, तीन झाले. पहिला, शरीर माझं आहे. दुसरा, ते इतर कुणाचं नाही. तिसरा मेंढरांविषयी आहे. बाकीचे सुचतील तसे.

कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावलं. जागा फक्त 'हेल्मेट न घातल्यास दंड' या माझ्याच नोटिशीशेजारी होती. दिवसभरात एकानेच उभं राहून वाचलं. पॉलिश खात्यातला आहे, सिगारेटवाचून त्याचा तास जात नाही म्हणून सगळे त्याला धुराडं म्हणतात. म्हणाला, साहेब, पटलं बघा, वाचून मन मोकळं झालं.

पहिला अनुयायी. एकापासूनच चळवळी सुरू होतात.

६ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १.३०

मुलगी झाली. १२.४० ला. तीन आठवडे आधीच आली. वजन दोन किलो शंभर. दोघी सुखरूप.

हे हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर बसून लिहितोय. वर सोडलं नाही. म्हणजे सोडलं असतं, लेकीने सोडू नका म्हणून सांगितलंय. बायको मास्क लावून दारातूनच बघून आली. तिने लस घेतली, तरी तिचेही दोन आठवडे व्हायचेत. मी म्हटलं, बघ, काय उपयोग झाला. ती म्हणाली, पंधरा तारखेला घेईन मांडीवर. तुमची तारीख कुठली.

जावई खाली आला, फोनवर फोटो दाखवला. भला माणूस आहे. म्हणाला, बाबा, मी तुम्हाला वर नेलं असतं, पण. त्याचं वाक्य तिथेच संपलं. फोटोत पिवळं फडकं आणि त्यात एक नाक. नाक माझं आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. जावयाला फोन परत द्यायचं राहूनच गेलं. सकाळपासून चहा झाला नव्हता, त्याचं असणार.

संकल्प दोनमध्ये दुरुस्ती. 'पहिल्याच दिवशी'ऐवजी 'पहिल्या आठवड्यात'.

११ सप्टेंबर, गुरुवार

लेक घरी आली. तिचं घर तळमजल्यावर आहे, समोर फुलझाडांचा वाफा आणि मग मोठी खिडकी. मी वाफ्यात उभा राहिलो. लेकीने बाळाला काचेशी आणलं. ऊन माझ्या पाठीवर होतं, त्यामुळे काचेत मुख्यतः मीच दिसत होतो. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून नाक काचेला टेकवलं तेव्हा फडकं दिसलं, निळं आहे आता. मी काचेवर टिचकी मारली. बाळ जागं झालं, रडलं, लेकीने पडदा ओढला.

वॉचमनने विचारलं, कुणाकडे काम आहे. म्हटलं, नात आहे माझी. तो म्हणाला, मग दारातून जा की. या लोकांना तत्त्व समजावत बसण्यात अर्थ नाही. आम्ही दोघांनी मोडलेली दोन रोपं सरळ केली.

संकल्प दोन: 'पहिल्या महिन्यात'.

१५ सप्टेंबर, सोमवार

बायकोचे दोन आठवडे काल भरले. आज बॅग भरून लेकीकडे गेली. निघताना म्हणाली, अहो, फ्रिजमध्ये चार दिवसांचं ठेवलंय, पाचव्या दिवसाचं तुम्ही बघा. मी म्हटलं, माझ्यावर दबाव आणायचा हा प्रकार आहे. ती म्हणाली, बरं.

संध्याकाळी तिने फोटो पाठवला. नात तिच्या मांडीवर. ही बाई फोटोत कधी हसत नाही, आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. यात हसतेय.

घर संपूर्ण माझं आहे. टीव्हीचा आवाज माझा, दिवे माझे. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणतात ते हे. दूध उतू गेलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज कारखान्यात गंभीर प्रकार. बोर्ड ३३४.

दुपारी साडेतीनला पॉलिश खात्यामागे भुशाचं पोतं पेटलं. मीच पहिला पोचलो, आग विझवायचा सिलिंडर मीच चालवला, वीस सेकंदांत काम तमाम. कुणाला इजा नाही, म्हणून अपघात नाही. पोत्याशेजारी धुराडं उभं, हातात थोटूक.

त्याला साठ जणांसमोर झाडला. म्हटलं, तुला काय वाटलं, तुझं फुफ्फुस, तुझी सिगारेट, संपलं? इथे साठ माणसं काम करतात. त्यांना घरं आहेत, पोरं आहेत. तू एकटा जगतोस का या छपराखाली? तुझी मौज तुझ्या जागी, पण तुझी ठिणगी तुझ्यापुरती राहत नाही. माझं मलाच इतकं पटत होतं की थांबवेना.

तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, साहेब, तुमच्या कागदात तर उलटं लिहिलंय. मी त्याच्या भरवशावर होतो.

मी सांगितलं, संदर्भ वेगळा आहे. कुणीतरी मागून विचारलं, कसा. भोंगा वाजला म्हणून बरं, नाहीतर सविस्तर सांगितलं असतं.

२० सप्टेंबर, शनिवार

संदर्भ वेगळा कसा, याचे मुद्दे काढायला बसलो. एक, सिगारेट पेटते. दोन.

जेवायला उशीर झाला. उद्या बघू.

२२ सप्टेंबर, सोमवार

पत्रक नोटीस बोर्डावरून काढलं. माघार नाही. पावसाळी हवेने कोपरे वळले होते. धुराड्याला दंडाची चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली, घडी घातली आणि म्हणाला, साहेब, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तो बोलला नाही. शिकलेला माणूस आहे, वाटत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बायकोचा फोन. लेकीच्या वरच्या मजल्यावरचं बाळ, दोन महिन्यांचं, हॉस्पिटलात आहे. डांग्या खोकला. खोकताना निळं पडतं, श्वास परत यायला वेळ लागतो, तेवढा वेळ आई घड्याळाकडे बघत बसते. घरात कुणाला काही नव्हतं. आजोबा तेवढे खोकत होते, हवा बदलली म्हणून, असं सगळे म्हणत होते.

मी म्हटलं, एका उदाहरणावरून सिद्धांत काढता येत नाही. बायकोने फोन ठेवला. 'बरं'सुद्धा न म्हणता.

आजोबांचं वय विचारायला हवं होतं. उगाच, माहिती म्हणून.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७

मला खोकला आलाय. कोरडा. भुशाचा आहे, दरवर्षी येतो.

संध्याकाळी ६. दिवसभरात एकतीस वेळा. मोजत नव्हतो, पण लक्षात राहिलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

बायको म्हणाली उद्या कपडे न्यायला घरी येते. मी येऊ नको म्हणालो. घराला रंग काढलाय, वास आहे. ती म्हणाली, तुम्ही, रंग? म्हटलं, हो, हॉलला. ती बरं म्हणाली.

आज परत वाफ्यात जाऊन खिडकीतून नात बघायचं ठरलं होतं, गेलो नाही. काच आहे मान्य आहे. पण खिडकीच्या वरच्या फटीतून हवा जाते, सुरक्षिततेतल्या माणसाला हे कळतं. हे मी लेकीचं ऐकतोय असं नाही. मी स्वतःच्या मर्जीने जात नाहीये. फरक आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

खोकल्याचा आवाज नीट ऐकला तर शेवटी शिट्टीसारखा येतो का, डांग्या खोकल्यात येतो तसा? बाथरूममध्ये घुमतो म्हणून हॉलमध्ये खोकून पाहिलं. हॉलला रंग खरंच द्यावा लागणार, ती विचारेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

खोकला गेला. भुसाच होता, म्हटलं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन. स्वतःहून. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाली, बाबा, ती आज हसली, झोपेतलं नाही, बघून हसली. मी विचारलं, कुणाकडे बघून. ती म्हणाली, आईकडे.

मग म्हणाली, बाबा, मी भांडून दमले. अठरा तारखेला ती सहा आठवड्यांची होतेय, पहिल्या लशी आहेत. मला सुई बघवत नाही, ह्याला त्याहून बघवत नाही. आई म्हणते, तुझ्या बाबांना घेऊन जा. तुम्ही उद्या लस घेतलीत तर अठराला बरोब्बर चौदा दिवस भरतात. तुम्ही तिला धराल का?

धराल का. लेकीच्या स्वतःच्या लहानपणी तिला दवाखान्यात बायको न्यायची. मी बाहेर स्कूटर सांभाळायला थांबत असे. त्या भागात चोऱ्या फार होत.

मी म्हटलं, विचार करतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी नाही म्हणालो नव्हतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आलो. फक्त पाहणी. बाहेर दोन बाकं, आत निळा पडदा, स्पिरिटचा वास फुटपाथपर्यंत. शत्रूची छावणी बघून ठेवावी.

फाटकाला तीनदा हात लावला. मग लक्षात आलं, घाईत घेतलेला निर्णय हा स्वतंत्र निर्णय नसतो. परत फिरलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस रोजनिशी नाही. वेळ नव्हता. हॉलची एक भिंत रंगवली. पिस्ता म्हणून आणलेला रंग भिंतीवर वेगळाच निघाला.

चौदा दिवसांचं गणित आता जमत नाही, तेव्हा तो विषय संपला. मोकळं वाटायला हवं होतं.

बोर्ड ३५४. धुराड्याने विचारलं, साहेब, सुट्टी नक्की ना, पोरीला घेऊन सासुरवाडीला जायचंय. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७

लिहावं की नाही. पण कुणी वाचणार नाही.

आज दवाखान्यात गेलो. आत. अठराला जमणार नाही, पण महिनाअखेर तरी. चाळीस दिवसांची होत आली ती. माझ्याकडे तिची बारा छायाचित्रं आहेत आणि तिच्याकडे माझं काचेला चिकटलेलं नाक. हा कसला बाणेदारपणा, असं मला स्कूटर लावताना वाटलं, आणि वाटलं ते वाटलं.

सिस्टर तीच, फेब्रुवारीतली. मी बाही वर केली, डोळे मिटले आणि म्हटलं, डांग्या खोकल्याची, लवकर. बराच वेळ काही टोचलं नाही. डोळे उघडले तर ती संगणकात बघत होती. म्हणाली, तुम्हाला दिलीय की. बारा फेब्रुवारीला. मी म्हटलं, ते धनुर्वाताचं. ती म्हणाली, आम्ही मोठ्यांना तिन्हींची एकत्रच देतो, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला. तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हो हो म्हणत होतात.

म्हणजे सहा सप्टेंबरला, हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसलो होतो तेव्हाही ती माझ्या अंगात होती.

वर केलेली बाही खाली केली. मग म्हटलं, बरं झालं, तसा कागद द्या. ती म्हणाली, कामावरची जखम म्हणून नोंद आहे, तुम्हीच सांगितलेलं, त्याचा कागद कारखान्यामार्फतच निघतो. तुमच्या अपघात नोंदवहीतला क्रमांक आणा, लगेच देते.

क्रमांक नाही. नोंदच नाही.

मी म्हटलं, मग परत टोचा. आजची तारीख घाला. ती म्हणाली, गरज नाही, दहा वर्षांनी या. मी विनंती केली. बाकावरची माणसं बघत होती, तरी केली. चव्वेचाळीस वर्षं सुई नाकारणाऱ्या माणसाला आज सुईने नाकारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बोर्ड ३६०. पाच दिवस उरले.

वीस तारखेनंतर नोंद केली तर? ढाल मिळेल, सुट्टी मिळेल, कागदही मिळेल. उशिरा सापडलेली नोंद म्हणायचं. पण अठरा तारीख वीसच्या आधी येते. कॅलेंडर काढून ठेवलं तरी येते.

लेकीला तोंडी सांगावं? पण दीड महिना बाप तत्त्व सांगत होता आणि आता म्हणतो, मला आठवलं, मी घेतली होती. मी तिच्या जागी असतो तर कागद मागितला असता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सव्वासहाला नोंदवही उघडली. लिहिलं: १२ फेब्रुवारी. स्टोअर. डावा अंगठा, खिळा. नाव. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची शंभर नावं लिहिली असतील, स्वतःचं लिहिताना अक्षर बिघडलं. 'कारण' या रकान्यात 'निष्काळजीपणा' लिहिलं. तिथे मी नेहमी तेच लिहितो.

मग बोर्डावरचा आकडा पुसला. शून्य लिहायचं नव्हतं, मोजणी फेब्रुवारीपासून धरायची. २४६ लिहिले.

साठ माणसं आवारात उभी होती आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे बोर्डाकडे. पाच मिनिटं बोलायचं होतं, मी विषयच आणला नव्हता. धुराडं बोटं मोजत होतं. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट करत मागे गेलं आणि थांबलं. म्हणालं, बारा फेब्रुवारी. साहेब, तेव्हाच तुमचं बोट घरच्या दारात सापडलं होतं ना.

मी खडूचा हात पुसत राहिलो.

तो म्हणाला, असू दे साहेब. अंगठा तुमचा, मर्जी तुमची. सुट्टी तेवढी साठ जणांची गेली.

मॅनेजरने दुपारी बोलावलं, ते लिहीत नाही. चार वाजता दवाखान्यातून कागद घेतला. एवढासा आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लेकीने दार उघडलं. मी आत न जाता कागद पुढे केला. तिने उंबऱ्यातच वाचला, तारखेपाशी थांबली, परत वाचला. म्हणाली, बाबा, हे फेब्रुवारीचं आहे. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून आत येऊ शकत होतात.

एकेचाळीस दिवस. मी मोजलेत. म्हटलं, तत्त्व मी सोडलेलं नाही. मी घेतली नाही, घेतली गेली. ती हसेल असं वाटलं होतं. ती रडायला लागली आणि म्हणाली, आत या आधी, हात धुवा.

बायको मागे उभी होती. म्हणाली, घराला रंग कुठला दिलात.

नात झोपली होती. वीस मिनिटं मांडीवर होती, एकदाही डोळे उघडले नाहीत. नाक माझंच आहे, जवळून तर फारच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तोच दवाखाना, तीच सिस्टर. जावई गाडी लावायला गेला तो आलाच नाही. लेक भिंतीवरचा तक्ता वाचत राहिली. मी खुर्चीत, नात मांडीवर, जागी, माझ्याकडे बघत. हसली नाही, पण बघत होती.

सिस्टर म्हणाली, आजोबा, पाय घट्ट धरा आणि यावेळी डोळे उघडे ठेवा, नाहीतर पकड सुटते. ठेवले. शरीर तिचं, तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि धरून मी ठेवलं होतं. या मुद्द्यावर पूर्वी मी बरंच बोललो असतो. सुई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बारीक असते.

नात किंचाळली, लाल झाली, माझा डावा अंगठा मुठीत धरला आणि अर्ध्या मिनिटात गप्प झाली. मला जास्त वेळ लागला. लेकीने बाळ घेतलं, सिस्टरने मला पाणी दिलं, मग आडवं केलं, मग पायाखाली उशी दिली. निषेध नव्हता. चक्कर होती.

पुढच्या लशी महिन्याने. सिस्टरने नातीच्या कार्डावर तारीख घातली आणि खाली शेऱ्यात लिहिलं, सोबत आजोबा, आधी त्यांना खाऊ घालून आणावे.